डोंगरावरच्या घराच्या बागेत पावसाआधी काय कामं उरकावीत? आणि साप-जनावरांचं काय?

तुम्ही लिहिलंय, बालाघाटात डोंगराच्या कडेला घर घेतलंय, मे सरत आलाय, बागेत काय करू आणि जनावरांना किती भिऊ. मी पाटोद्याकडच्या माळावर बारा वर्षं राहतो. यातलं बरंचसं चुकून चुकूनच शिकलोय.

आधी खड्डे. आंबा लावायचा असेल तर मीटरभर लांब, रुंद, खोल खड्डा आत्ताच घ्या, उन्हात तापू द्या आणि मृगाच्या आत (७-८ जून) शेणखत-माती घालून भरा. आमच्याकडं हातभर खणलं की मुरूम लागतो, पावसानंतर खणायला गेलात तर नुसता चिखल. पण उघडा खड्डा म्हणजे सापळा. एकदा सकाळी मी आत उतरणार तोच खालून करकर आवाज आला. बघतो तर फुरसं, जेमतेम दीड वीत. वेटोळी एकमेकांवर घासून ते असं इशारा देतं. गडी फावडं घेऊन धावला, त्याला थांबवलं आणि सर्पमित्राला फोन लावला. तो बरणीत घालून घेऊन गेला. तेव्हापासून बॅटरी मारल्याशिवाय कुठल्याच खड्ड्यात उतरत नाही. उघड्या हौदात मात्र एक फळी तिरकी सोडून ठेवा, नाहीतर पाणी प्यायला आलेल्या खारी बुडतात.

पालापाचोळा जाळू नका. मी एका वर्षी जाळला आणि ठिबकच्या नळ्या वितळवून बसलो. झाडांच्या आळ्यात पसरा, फक्त भिंतीला टेकून ढीग नको. ओढायचा तो दाताळ्यानं, हातानं नाही. घोणस पाल्यात दिसतच नाही, आणि ती अंडी न घालता थेट पिल्लं देते, तीही याच दिवसांत. कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार ऐकू आला की मागं सरा. चावलंच तर बांधाबांधी, मांत्रिक काही नको, सरळ दवाखाना. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच लस चालते. ती जवळच्या आरोग्य केंद्रात असते का, हे आजच विचारून ठेवा. विटांच्या, कौलांच्या ढिगात विंचू असतात. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर (पद्मश्री २०२२) आपल्या जालना जिल्ह्यातले, काम केलं महाडला. हे आमच्याकडं फार थोड्यांना ठाऊक असतं.

वानरांवर माझ्याकडं इलाज नाही. केसर पाडाला लागला की उतरवून आढी घाला, एवढंच. फटाक्यांना ती दोन दिवसांत सरावतात. सायाळ रात्री येऊन कोवळ्या झाडाची साल बुंध्याशी कुरतडते, तिथं पत्रा गुंडाळा. मोर रोपं खुडतो. वाफ्यावर जुनी साडी ताणा आणि त्याचा नाच बघा.

टिटवीचं मात्र सांगायलाच हवं. मागच्या वर्षी भाजीच्या वाफ्यासाठी आखलेल्या जागेवर, उघड्या मुरमावर, तिनं चार अंडी घातली. खड्यांच्याच रंगाची, माझा पाय पडता पडता राहिला. जवळ गेलं की दोघं डोक्यावर घिरट्या घालून ‘टिटिवटिव’ करायची, रात्री-अपरात्रीसुद्धा. घरात कुरकुर सुरू झाली. शेजारचे आबा म्हणाले, चार अंडी म्हणजे चारी महिने पाऊस. पाऊस अर्धाच झाला, ते सोडा. महिनाभरात पिल्लं निघाली आणि पहिल्याच दिवशी आईमागं तुरुतुरु पळायला लागली. तोवर मृग होऊन गेला होता, गवार लावायची राहिली.

यंदाही ती त्याच मुरमावर येऊन बसलीय. वाफा अजून आखलेलाच आहे.