काळ्या मातीच्या लॉनला कोणता स्प्रिंकलर?

दादा, आपल्या लातूरकडची काळी माती पाणी हळू पिते, हे आधी धरा. स्प्रे नोझल, म्हणजे न फिरता एका जागी फवारा मारणारं तोंड, तासाला साधारण 40 मिलिमीटर पाणी टाकतं. एवढं मुरत नाही. माझ्या पहिल्या लॉनवर तेच बसवले, अन् पाणी पार रस्त्यावर गेलं, फार जीव तुटला. फिरत्या बारीक धारांचं रोटरी नोझल त्याच्या पाव हिश्श्यानं, सावकाश देतं. तेच घ्या. मोठ्या मैदानाला गिअर रोटर, म्हणजे आतल्या गिअरवर फिरत लांब धार फेकणारा स्प्रिंकलर. पण स्प्रे आणि रोटर एकाच व्हॉल्व्हवर कधीच जोडू नका. एका स्प्रिंकलरची फेक शेजारच्या स्प्रिंकलरपर्यंत पोचलीच पाहिजे, नाहीतर मधे गवत पिवळं पडतं. बोअरच्या पाण्याला फिल्टर हवाच. झुडपांना ठिबक. आणि उन्हाळ्यात गावात टँकर येत असेल तर लॉन लहानच ठेवा, ही कळकळीची विनंती.