चपटी, लसणाच्या वासाची पात

प्रश्न : पुण्याहून मुलीने चायनीज चाइव्ह्जची जुडी आणली. पात चपटी, वास लसणाचा. कशात घालू आणि टिकवू कशी?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, ही लसणाची पात नव्हे, हिला खाली गड्डा धरत नाही, पानं आणि कळ्याच खायच्या. आपला कांदा-लसूण मसाला मात्र हिच्यापासून लांब ठेवा, त्यात हिचा नाजूक वास पार हरवतो. साध्या पिठल्यात, गॅस बंद करायच्या मिनिटभर आधी मूठभर चिरून टाका आणि गरम भाकरीबरोबर वाढा. अंड्याच्या पोळीत तर मला कोथिंबिरीपेक्षा हीच आवडते. कळ्यांचे कोवळे दांडे तुपावर नुसते मीठ घालून परता.

जुडी धुऊ नका. रबर काढा, पिवळी पानं निवडा, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. चार-पाच दिवस राहते. दुधाजवळ नको, सायीला वास लागतो! जास्त असेल तर चिरून फ्रीझरमध्ये टाका. वाळवली तर चव जाते. तेलात बुडवून बाहेर ठेवणं मात्र कटाक्षाने टाळा, त्यात बोटुलिझमचे घातक जंतू वाढू शकतात.

मुळासकट मिळाली तर कुंडीत लावा. दोन बोटं ठेवून कापली की पुन्हा फुटते.