राजा गप्प, प्रॉम्प्टर खणखणीत

चवथ (गणेशचतुर्थी) झाली, तुळशीचं लग्न जवळ आलं, आता गोव्यात गावोगावी जत्रा, कालोत्सव आणि नाटकांचा सीझन सुरू होतोय, त्यामुळे यावेळी आलेले प्रश्न जवळजवळ सगळे शूटिंगचेच आहेत. सगळे छापणं शक्य नाही, म्हणून एकसारखे एकत्र केलेत. कुणाला आपला प्रश्न सापडला नाही तर रागावू नका पात्रांव, पुढच्या अंकात बघू.

प्रश्न: आमच्या देवळात जत्रेला दरवर्षी गावातलीच मंडळी मराठी नाटक करतात. आत्तापर्यंत मी मोबाईलवर काढतो पण आवाज नीट येत नाही, संवाद कळतच नाहीत. आता मंडळाने ६० हजार जमवलेत. कोणता कॅमेरा घेऊ?
(एक वाचक, फोंडा तालुका)

तुमचाच प्रश्न परत एकदा वाचा बघू. आवाज येत नाही म्हणून कॅमेरा! म्हणजे आमटी खारट झाली म्हणून नवीन ताट आणायचं तसं झालं हे. तुमचा मोबाईल गेल्या चार-पाच वर्षांतला असेल तर मांडवातल्या उजेडात नाटकासाठी चित्र बऱ्यापैकी येतं, बिघडतो तो आवाज, आणि कॅमेरा साठ हजाराचा असो की दोन लाखाचा, त्याच्या अंगावरचा माईक खुर्च्यांच्या दहाव्या रांगेतच राहणार ना. अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबलने पडतो, बाजूच्या काकूंच्या गप्पा आणि चणेवाला मात्र तेवढाच जवळ राहतो.

तर पहिला खर्च रेकॉर्डरवर करा. हातात मावणारा, दोन माईक असलेला आणि लाईन इनपुटवाला. लाईन इनपुट का, तर साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून येणारा सिग्नल माईकच्या सिग्नलपेक्षा कितीतरी पट तगडा असतो, तो माईकच्या भोकात घातला की आवाज फाटतो आणि मग लोक साऊंडवाल्याला शिव्या घालतात, त्या बिचाऱ्याचा काही दोष नसताना. नाटकाच्या दिवशी दुपारीच त्याच्याकडे जा, चहा पाजा, कुठलं आऊट रिकामं आहे विचारा आणि तिथेच दोन मिनिटं रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. रात्री नऊ वाजता पडदा उघडायच्या वेळी गेलात तर तो तुम्हाला उभा करणार नाही, मी असतो तर मीही केलं नसतं.

पण फक्त मिक्सरवर विसंबून राहू नका हं. मिक्सरमध्ये येतं ते जेवढं स्पीकरवर मोठं करायचंय तेवढंच. संगीत नाटक असेल तर तबला आणि ऑर्गन जवळच वाजत असतात, त्यांना माईक कमी दिलेला असतो किंवा दिलेलाच नसतो, मग रेकॉर्डिंगमध्ये गायक एकटाच गातोय असं वाटतं, आणि टाळ्या, हशा, वन्समोअर हे तर येतच नाही. म्हणून दुसरा एक माईक रंगमंचाच्या पुढच्या कडेला मधोमध ठेवायचा आणि एडिटिंगला दोन्ही मिसळायचे.

मधोमध म्हटलंय ते मुद्दाम. मी पहिल्यांदा रेकॉर्डर लपवायला म्हणून विंगेत ठेवला होता. घरी येऊन ऐकतो तर काय, राजा कुठेतरी विहिरीत पडल्यासारखा बोलतोय आणि त्याच्या आधी प्रत्येक वाक्य प्रॉम्प्टर खणखणीत आवाजात सांगतोय. अख्खं नाटक दोनदा ऐकायला मिळालं! प्रॉम्प्टरच्या घरच्यांना मात्र ते रेकॉर्डिंग फार आवडलं.

रेकॉर्डर आणि मोबाईल दोन्ही चालू झाले की कुणालातरी कॅमेऱ्यासमोर एक जोरात टाळी वाजवायला सांगा, एडिटिंगमध्ये ती टाळी जुळवली की काम झालं. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झवर ठेवा, व्हिडिओचं गणित तेच आहे, ४४.१ हे सीडीचं. आणि प्रत्येक अंकाला दोन्ही मशीन थांबवून नव्याने सुरू करा, परत टाळी. दोन मशीनची घड्याळं कधीच अगदी एकसारखी चालत नाहीत, सलग तीन तासांनी ओठ पुढे आणि शब्द मागे असं होतं. लेव्हल लावताना सगळ्यात जोरात ओरडणाऱ्या नटाला, बहुतेक खलनायकच असतो तो, खऱ्या जोरात ओरडायला लावा आणि काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबेल असं बघा, कारण प्रयोगात तो त्याहून जोरात ओरडणारच.

उरलेल्या पैशात एक वजनदार ट्रायपॉड (हलका नको, मांडवातली फळी कुणी चाललं की हलते), मोबाईलची पॉवर बँक, कान पूर्ण झाकणारा एक हेडफोन. एवढं करूनही निम्मे पैसे उरतील. पुढच्या वर्षी कॅमेरा हवाच असं वाटलं तर लिहा, तेव्हा बोलू.

प्रश्न: मांडवातल्या शूटिंगमध्ये स्क्रीनवर काळे पट्टे सरकतात. मोबाईल खराब झाला का?
(काणकोण)

नाही हो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं. मोबाईल बहुतेक सेकंदाला ३० फ्रेम्सवर असतो, तो २५ करा आणि शटर (एकेका फ्रेमला उजेड घ्यायचा वेळ) १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. मूळ कॅमेरा ॲपमध्ये शटर हाताने लावता येत नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा नावाचं ॲप फुकट आहे, त्यात येतं. स्वस्तातल्या एलईडी माळा आणि डिमर मात्र स्वतःच्याच तालावर चालतात, तिथे शटर थोडं पुढेमागे करून पट्टे कुठे थांबतात ते बघायचं, दुसरा उपाय नाही.

प्रश्न: पावसाळ्यात कॅमेरा बॅगेत घालून कपाटात ठेवला होता, आता लेन्सच्या आत कोळिष्टकासारखं काहीतरी दिसतंय. पुसून जाईल का? आणि परत होऊ नये म्हणून काय करू?
(डिचोली)

बुरशी आहे ती. आतल्या काचेवर असल्यामुळे बाहेरून पुसून जाणार नाही, लेन्स उघडावी लागेल आणि ते काम स्वतः करू नका, मी एकदा केलं आणि एक स्प्रिंग आजपर्यंत सापडलेली नाही. लवकर नेलीत तर साफ होते, उशीर केलात तर बुरशी काचेवरचं कोटिंगच खाते आणि मग साफ करूनही डाग राहतो. तोपर्यंत ती लेन्स बाकीच्यांपासून वेगळी ठेवा.

आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जून ते सप्टेंबर चपला हिरव्या होतात, पापड मऊ पडतात, मग लेन्सने काय घोडं मारलंय. त्यात कॅमेऱ्याची बॅग म्हणजे फोम आणि कापड, ती ओल धरून ठेवते, आणि लाकडी कपाट काळोखाचं, बुरशीला याहून चांगली खोली कुठली मिळणार. बॅग प्रवासापुरती. घरी आलं की सामान बाहेर.

पैसे असतील तर विजेवर चालणारी ड्राय कॅबिनेट घ्या. नसतील तर घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रता मोजायचा काटा, दोन-तीनशे रुपयांत मिळतो. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. ६० च्या वर जायला लागला की जेल भरलं. अगदी २०-२५ वर पण नेऊ नका, रबर कडक होतं. सिलिका जेल रंग बदलणारं घ्या, आणि त्यात नारंगी घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं ते स्वयंपाकघरात नको. ओलं झालेलं जेल एका जुन्या, जेवणाला न लागणाऱ्या कढईत मंद आचेवर परतलं की परत कामाला येतं. तांदळात ठेवा म्हणून सांगणारे भेटतील. तांदूळ पेजेला ठेवा, त्याची पूड लेन्सच्या रिंगमध्ये जाते.

आणखी एक. एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा काढला की काचेवर धुकं धरतं, किनाऱ्यावर तर हमखास. बॅग बंदच ठेवून बाहेर पंधरा-वीस मिनिटं राहू द्या. समुद्राजवळ शूट केलं असेल तर त्याच रात्री बॉडी आणि ट्रायपॉडचे पाय किंचित ओल्या फडक्याने आणि मग कोरड्याने पुसा, मीठ सकाळपर्यंत थांबत नाही. आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून वापरा हो, खिडकीतून पाऊस शूट करा पण वापरा.

प्रश्न: वायरलेस माईक घेतला, घरी मस्त चालतो, पण शिगमोच्या मिरवणुकीत आवाज तुटतो आणि वाऱ्याचा भर्र आवाज येतो.
(पेडणे)

हे तीन वेगळे रोग आहेत, दोन तुम्ही सांगितलेत, तिसरा मी सांगतो. तुटण्याचं कारण म्हणजे हे छोटे माईक बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, त्याच लहरींवर वायफाय आणि ब्लूटूथ, आणि मिरवणुकीत हजारो मोबाईल. शिवाय माणसाचं शरीर म्हणजे पाणी, ते या लहरी अडवतं, बोलणाऱ्याने पाठ फिरवली की गेला सिग्नल. ट्रान्समीटर छातीवर, रिसीव्हर त्याच्या समोर, मध्ये माणूस नको. तुमच्या माईकमध्ये आतल्या मेमरीवर रेकॉर्ड करायची सोय असेल तर ती कायम चालू ठेवा, हवेत तुटलं तरी आत सगळं असतं.

वाऱ्याला माईकवर घालायची केसाळ टोपी, नुसता फोम पुरत नाही. एडिटिंगमध्ये काढू म्हणाल तर आवाजाची खालची बाजूच जाते.

तिसरा रोग रोमटामेळातल्या (शिगमोतल्या नाचत्या पथकातल्या) ढोल-ताशांचा. हल्ली ३२ बिट फ्लोट नावाची गोष्ट आलीय, त्यात लेव्हल चुकली तरी नंतर सावरता येते, पण माईकचा पडदाच आवाजाने हबकला असेल तर कितीही बिट असोत, फाटलेलं फाटलेलंच. ढोलापासून लांब व्हा. दहा पावलं मागे गेलात तर फरक कळेल.

प्रश्न: भावाने ड्रोन आणलाय. जत्रेची पालखी वरून काढू का?

गर्दीच्या डोक्यावर नको, एवढंच माझं उत्तर. आणि उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन साईटच्या नकाशावर आपलं गाव बघा. एका बाजूला मोपा विमानतळ, दुसऱ्या बाजूला दाबोळी विमानतळ, त्यात दाबोळी नौदलाचा तळ. लाल झोनमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन वर जात नाही, मग तो खेळण्याएवढा का असेना.

प्रश्न: आम्ही तिघे मिळून लग्नं, बारशी शूट करतो. सामान वाढलंय आणि गोंधळही. मागच्या महिन्यात भरलेलं कार्ड चुकून फॉरमॅट केलं. वायर तर कधीच सापडत नाही. काही पद्धत सांगा.
(साखळी)

ज्याचं लग्न होतं त्याला काय सांगितलंत ते लिहिलं नाहीत! असो. आधी एक, परत असं झालं तर त्या कार्डावर नवीन काही शूट करू नका, बाजूला काढा, रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने बरंचसं परत मिळू शकतं.

कार्डाचा नियम आम्ही असा केलाय, रिकामं कार्ड पाकिटात तोंड वर करून, भरलेलं उलटं. उलट्या कार्डाला दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, आणि फॉरमॅट करणारा माणूस एकच, तिघांत एक. फॉरमॅट कॅमेऱ्यात करायचा, कॉम्प्युटरवर नाही. कार्डाचं गणितही आधी करा, सेकंदाला १०० मेगाबिटवर शूट केलं तर तासाला ४५ जीबी जातात, म्हणजे १२८ चं कार्ड तीन तास पण पुरत नाही, ५० वर केलं तर पाच तास आरामात. लग्नाला ५० पुरे झाले, नवऱ्यामुलाचा मामा काही झूम करून बघत नाही.

फोल्डरचं नाव तारखेने, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, मग गाव आणि प्रसंग. लग्न फायनल, लग्न फायनल नवीन, लग्न फायनल खरं, असली नावं बंद. एक हार्ड डिस्क तिघांतल्या दुसऱ्याच्या घरी राहू द्या, साखळीत राहता, वाळवंटी नदीचं पाणी बाजारात शिरतं तेव्हा काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

वायरींसाठी श्रीखंडाचे रिकामे डबे, प्रत्येकावर पांढरी टेप आणि त्यावर मार्कर. आवाजाच्या साडेतीन मिलिमीटरच्या वायरी मात्र नीट बघून वेगळ्या करा. टोकावर काळ्या रिंगा मोजा, दोन असतील तर कॅमेऱ्याची, तीन असतील तर मोबाईलची. एकीच्या जागी दुसरी लावली तर बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि आवाज येतच नाही किंवा अगदी बारीक येतो, आमचा एक अख्खा मुहूर्त यात गेलाय, भटजींचे नुसते ओठ हलतायत. बॅटऱ्यांवर नंबर घाला, एक, दोन, तीन, म्हणजे कुठली लवकर बसते ते कळतं. सीझन संपल्यावर त्या पूर्ण भरून ठेवू नका, निम्म्या ठेवा. विमानाने बाहेरगावी कामाला गेलात तर सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, खाली दिलेल्या सामानात नाही.

प्रश्न: आजोबा ८० च्या पुढे आहेत, चवथीला त्यांची घुमट (मातीच्या मडक्याचं वाद्य) आरती अजून जोरात असते. पुढच्या वर्षी नीट रेकॉर्ड करायचीय. सामान काहीच नाही, फक्त मोबाईल.
(सत्तरी)

मोबाईलवर होईल. खोली लहान, माणसं वीस, घुमट, शामेळ (छोटा ढोल), कासाळें (झांजा) सगळं एकदम, त्यामुळे जवळ जायचा मोह आवरा. घुमटाचा घुमार उघड्या तोंडातून येतो, वाजवणारा डाव्या हाताने ते झाकतो-उघडतो, त्या तोंडासमोर मोबाईल धरलात तर बाकी काही ऐकूच येणार नाही. कासाळें त्याहून वाईट, तिथून तर पळाच. खोलीच्या ज्या कोपऱ्यातून आजोबांचा आवाज तुमच्या कानाला बरा लागतो तिथे स्टुलावर मोबाईल ठेवा, हातात धरू नका. शक्य असेल तर शे-दोनशे रुपयांपासून मिळणारा वायरवाला कॉलर माईक दुसऱ्या एखाद्या मोबाईलला लावून आजोबांच्या सदऱ्याला, हनुवटीपासून वीतभर खाली, आणि तो मोबाईल त्यांच्या खिशात, विमान मोडवर. ओवाळताना वरची माटोळी (गणपतीच्या वर टांगलेली फळाफुलांची चौकट) फ्रेममध्ये येईल अशी जागा बघा, एवढं सामान वर टांगलेलं असताना ते कापून टाकणं बरं नाही.

पण पुढच्या चवथीची वाट कशाला बघताय. या रविवारी आजोबांना एकट्याला बसवा, पंखा बंद करा, खिडक्या लावा, आणि एकेक आरती ताल न धरता नुसती म्हणायला सांगा, मधे विसरले तर विसरू द्या, रेकॉर्डिंग थांबवू नका. कुठली आरती कुणाकडून शिकले ते ते आपणहूनच सांगायला लागतील.