ऑफिसात माझं सगळं दिसतं का?

‘मॅडम, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मी काय काय बघितलं, ते सगळं त्यांना दिसतं का?’ हा प्रश्न गोव्यात समुपदेशन करताना माझ्याकडे हल्ली वरचेवर येतो. वेर्ण्याच्या कारखान्यांतून, पणजी-पर्वरीच्या हॉटेलांच्या बॅक ऑफिसांतून, घरून काम करणाऱ्यांकडूनही. त्यातला एक अनुभव, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते.

ती फोंड्याकडची, पस्तिशीतली, एका कंपनीत अकाउंट्सला. तिला डॉक्टरांनी पाठवलं होतं, आणि कारण होतं लघवीचा जंतुसंसर्ग. औषधाने बरा व्हायचा, पुन्हा उलटायचा. डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा कळलं की ही बाई सकाळी बसली की जेवणाच्या सुट्टीपर्यंत जागची उठतच नाही. उठावं लागू नये म्हणून पाणीही पीत नाही. ऑफिसात नवं सॉफ्टवेअर बसलं होतं. माउस काही वेळ हलला नाही की नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो आणि अधूनमधून स्क्रीनचा फोटो निघतो, एवढंच दोन ओळींच्या ईमेलमधून कळवलेलं. उरलेली माहिती कॅन्टीनमधली: मालक घरबसल्या बघतो, व्हॉट्सॲप वाचतो, मोबाईलमधून बोलणंही ऐकतो.

माउस हलण्यावरून अकाउंटंटचं काम मोजणारा माणूस कधी ताळेबंद जुळवायला बसला नसावा. हेच मालक मग कर्मचाऱ्यांचा ताण घालवण्यासाठी शनिवारी माझं व्याख्यानही ठेवतात.

असं माणूस समोर आलं की ‘घाबरू नका’ म्हणून उपयोग नसतो, कारण थोडं तरी खरंच दिसत असतं. मी कागदावर तीन रकाने पाडले: नक्की दिसतं, दिसू शकतं, दिसत नाही. ऑफिसच्या नेटवरून कोणती साइट किती वाजता उघडली, याची नोंद राहू शकते. इन्कॉग्निटोने, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीने, फक्त आपल्या ब्राउझरमध्ये हिस्ट्री उरत नाही, नेटवर्कवरची नोंद तशीच राहते. एचटीटीपीएसची, म्हणजे मजकूर कुलूपबंद करून पाठवणारी साइट असेल तर आतलं सहसा कळत नाही. पण कॉम्प्युटर कंपनीचा असेल आणि कंपनीने त्यात हे कुलूप उघडणारं आपलं सर्टिफिकेट घातलं असेल, तर तेही वाचता येतं. स्क्रीनचा फोटो निघत असेल तर पडद्यावरचं सगळंच त्यात येतं, व्हॉट्सॲप वेबवरचं बोलणंसुद्धा. स्वतःच्या मोबाईलवर, स्वतःच्या डेटावर, कंपनीचं कुठलंही ॲप न घालता केलेलं मात्र त्यांच्या हाती लागत नाही. तोच मोबाईल ऑफिसच्या वायफायवर असला तर व्हॉट्सॲप वापरलं हे कळेल, मेसेज वाचता येणार नाहीत.

तिने पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘जुनंसुद्धा?’

मग बाहेर आलं. नवऱ्याचं पिणं वाढलं होतं. दारू सोडवायचे उपचार कुठे होतात, हे तिने ऑफिसच्या कॉम्प्युटरवर शोधलं होतं, तेही अनेकदा. घरी का नाही? घरी तिच्या मोबाईलचा पिन सगळ्यांना ठाऊक. मुलं खेळतात, नवरा उचलून बघतो, सासूबाई त्यावरच कीर्तन ऐकतात. तिला एकांत मिळायचा तो ऑफिसच्या टेबलापाशीच, आणि आता तोही गेला होता. त्यात एचआरमधली मुलगी तिच्या नणंदेच्या वाड्यावरची. गोवा तो केवढा! नोकरी जाण्यापेक्षा चवथीला गणपतीवरच्या फळापानांच्या माटोळीखाली बायका आपल्याबद्दल कुजबुजतील, याची तिला धास्ती होती. मन चिंती ते वैरी न चिंती.

कायद्याचं तिला थोडक्यात सांगितलं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ साली सांगितलं; पण तो निकाल दाखवून कंपनीचं सॉफ्टवेअर निघत नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात नोकरीच्या कारणासाठी आणि कंपनीचं नुकसान टाळण्यासाठी संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा आहे. मला जवळचा वाटतो तो युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाचा २०१७चाच निकाल. रोमानियातल्या एका अभियंत्याचे चॅट वाचून कंपनीने त्याला काढलं होतं. पाळत किती आणि कशी ठेवणार, याची त्याला आधी कल्पना होती का, हे तिथल्या न्यायालयांनी नीट तपासलं नाही, म्हणून निकाल त्याच्या बाजूने लागला. आपल्याकडे तो बंधनकारक नाही. पण ‘काय बघता, किती दिवस ठेवता, कोण बघतं?’ हे विचारणं म्हणजे आगाऊपणा नव्हे, हे तिला पटवायला उपयोगी पडला.

ईमेल आम्ही मिळून लिहिला. तक्रारीचा सूर नको, तीन साधे प्रश्न, शेवटी ‘लेखी धोरण असल्यास कृपया पाठवावे’. पाठवायला तिने बराच वेळ घेतला. मधल्या काळात बाटलीभर पाणी टेबलावर ठेवायचं, लागली की उठायचं आणि परत आल्यावर खरंच कोणी काही बोललं का ते वहीत लिहायचं, एवढं ठरलं. ती माउस उगाच हलवत बसायची, ते एकेक तास बंद केलं. असल्या युक्त्यांनी घटकाभर बरं वाटतं, पण भीती खरी होती की नाही हे तपासायची संधीच मिळत नाही. वहीत बहुतेक दिवशी ‘काही नाही’ एवढंच होतं. एकदा साहेबांनी ‘कुठे होतीस?’ विचारलं, त्यांना एक बिल सापडत नव्हतं.

उत्तर आलं. स्क्रीनचे फोटो महिनाभराने पुसले जातात, तक्रार असल्याशिवाय उघडत नाहीत, आणि तो पिवळा ठिपका पगाराला लागत नाही. साइटच्या जुन्या नोंदींबद्दल त्यात अक्षर नव्हतं. त्या कोणी पाहिल्याच नसतील, अशी हमी मी दिली नाही. एवढंच म्हटलं, ‘समजा पाहिल्या. नवऱ्यासाठी उपचार शोधणाऱ्या बाईचं त्यात काय चुकलं?’ ती खूप वेळ रडली.

त्यानंतर आमच्या बोलण्याचा रोख बदलला: ऑफिस मागे पडलं आणि घर पुढे आलं. मोबाईलला स्वतःचा पिन, सासूबाईंना कीर्तनासाठी घरातला जुना फोन. १४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर ती आपल्या मोबाईलवरून फिरवते, बसस्टॉपवर उभी राहून. पिन का बदलला, हे नवऱ्याने विचारलंच. काय सांगायचं याची तयारी आम्ही आधी केली होती. तिने त्यातलं निम्मंच सांगितलं, तेही भांडणात. तरी तो एकदा उपचारांसाठी बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जाऊन आलाय. पुन्हा जाईल का, ते तिलाही सांगता येत नाही. ऑफिसचा विषय आता निघालाच तर मार्च एंडिंगच्या कामापुरता निघतो.