नागपुरात गेमिंग अन् स्ट्रीमिंगसाठी पीसी जुळवतोय. जास्त पैसे प्रोसेसरवर घालू की ग्राफिक्स कार्डवर?

कार्डवर घाल, भाऊ. एनव्हिडियाच्या आरटीएक्स कार्डांत एनव्हेंक नावाचा वेगळा एन्कोडर (व्हिडिओ दाबून लहान करणारा भाग) असतो, स्ट्रीमचं ओझं तोच उचलतो. मग प्रोसेसर सहा कोरचा, रायझन ५ ७६०० सारखा, पुरतो. रॅम १६ जीबीच्या दोन स्टिक, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) ६५० वॅटचा.

खरी गोम आपल्या उन्हाळ्यात आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, अन् खोलीत डेझर्ट कूलर. मी पीसीचं कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवलं होतं, थंड राहील म्हणून (अक्कल!). महिन्याभरात पंख्याच्या पात्यांवर वाळ्याचा भुसा अन् ओल्या धुळीचा थर. म्हणून समोरून जाळीचं, फिल्टर काढून धुता येईल असं कॅबिनेट घे. काचेच्या बंद डब्याच्या नादी लागू नको. बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) दोन-तीन दुकानांत भाव विचार.