बेटाचा आराखडा की खुरपणीचं वेळापत्रक?

"काका, एम.एस्सी.च्या सेमिनारला छोट्या बेटराष्ट्राचं जैवविविधता नियोजन हा विषय आलाय. मॉरिशस निवडलंय. सुरुवात कुठून करू? आणि परभणीत बसून याचा आपल्याशी काय संबंध सांगू?" असं तू विचारलंस. माझं शिक्षण तुझ्याइतकं नाही, पण गावोगावच्या लोकजैवविविधता नोंदवह्या, म्हणजे गावातली झाडं-जनावरं लिहून ठेवायच्या वह्या, करण्यात पंधराएक वर्षं गेली. त्या जोरावर लिहितो.

आधी एक काम कर. डोडोवर दोन मिनिटांच्या वर घालवू नकोस. डच 1598 मध्ये उतरले आणि शंभर वर्षांच्या आत तो पक्षी संपला, एवढं पुरे. मेलेल्याचं नियोजन करता येत नाही. जे अर्धमेलं होतं आणि वाचलं, तिथून सुरू कर.

मॉरिशस जेमतेम 2,040 चौरस किलोमीटर, आपल्या परभणी जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान. त्यातलं चांगल्या अवस्थेतलं मूळचं जंगल दोन टक्क्यांच्याही आत उरलंय. बाकी ऊस, वस्ती आणि बाहेरून आलेली झाडं. त्यातलं सगळ्यात त्रासाचं म्हणजे चिनी पेरू. लाल, सुपारीपेक्षा थोडं मोठं फळ. लोक हंगामात पिशव्या घेऊन डोंगरावर तोडायला जातात, मीठ-मिरची लावून खातात. फळ गोड, पण झाड इतकं दाट माजतं की त्याखाली मूळच्या झाडाचं रोप उजेडच बघत नाही. आपल्या येडी बाभळीसारखंच. तिच्यावर चूल पेटते, कोळसा होतो, म्हणून ती काढायला निघालं की गावातला निम्मा माणूस नाराज. नियोजनात हा नाराज माणूस धरलेला नसेल तर कागद कितीही देखणा असो, काम पुढं सरकत नाही.

तिथं 1994 मध्ये ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान झालं, साडेसहा हजारांहून जास्त हेक्टरचं. पण सगळं उद्यान साफ करायला ते निघाले नाहीत. छोटे छोटे तुकडे निवडले, कुंपण घातलं, म्हणजे हरणं-डुकरं आत येणार नाहीत, आणि हातानं तण काढलं. मग पुन्हा काढलं. मग पुन्हा. पेरू परत येतोच. एकदा खुरपून कापूस घरी आलाय का कुणाचा?

माझ्या हातचा अनुभव सांगतो. हिंगोलीकडच्या एका गावात दोन हेक्टर गायरानावरची येडी बाभूळ आम्ही काढली. निधी एका वर्षाचा, एकरकमी. मजुरांनी जमिनीसरशी कापली, फोटो झाले, माळ असा मोकळा दिसला की म्हातारी माणसं म्हणाली, आता पवन्या गवत येईल. पुढच्या पावसाळ्यात प्रत्येक खोडक्याला सात-सात, आठ-आठ धुमारे. आधी एक झाड होतं, आता झुडूप झालं. दुसऱ्या वर्षाचे पैसे मागायला एका कार्यालयात गेलो तर साहेब म्हणाले, "काम पूर्ण झाल्याचा दाखला तुमच्याच सहीचा आहे ना?" होता. माझ्याच सहीचा होता.

म्हणून तुझ्या सेमिनारात पहिला प्रश्न हा ठेव: चौथ्या वर्षी खुरपायला कोण आहे, आणि त्याची मजुरी कुठल्या खात्यातून? संरक्षित क्षेत्राच्या टक्केवारीत याचं उत्तर नसतं.

दुसरी गोष्ट क्रमाची. मॉरिशसच्याच राउंड आयलंड नावाच्या छोट्या बेटावर सोडलेल्या शेळ्या आणि सशांनी वनस्पती खाऊन माती उघडी पाडली होती. शेळ्या 1979 मध्ये संपवल्या, ससे 1986 मध्ये. त्यानंतर झाडोऱ्याला श्वास मिळाला. आपल्याकडं उलटं चालतं: आधी खड्डे, मग रोपं, मग फोटो, मग शेळ्या.

इल ओझेग्रेत हे 26 हेक्टरचं बेटुकलं तर मुद्दाम दाखव. तिथलं मूळचं अबनूस सरपणासाठी तुटलं होतं, आणि त्याचं फळ गिळून बी लांब टाकणारं मूळचं महाकाय कासव कधीच नामशेष झालेलं. फळं झाडाखालीच पडून राहायची. मग 2000 मध्ये सेशेल्सच्या अल्डाब्रा बेटाचं कासव तिथं आणलं. नातं लांबचं, पण पोट त्याच कामाचं. कासव फळ खातं, सावकाश चालतं, दुसरीकडं शेण टाकतं आणि त्यातून अबनूस उगवतं. पोटातून गेलेलं बी जास्त चांगलं रुजतं, हेही तपासून झालंय. असं परकं जनावर आणणं मला आधी पटलं नव्हतं. आणलेल्या जनावरांनीच तर बेटं बुडवली. पण कासव सावकाश आहे, दिसतं, नको झालं तर उचलून परत नेता येतं. उंदराचं तसं नाही.

पक्ष्यांचं थोडक्यात. मॉरिशसचे केस्ट्रेल, म्हणजे एक छोटा शिकारी पक्षी, 1974 मध्ये चारच उरले होते. कार्ल जोन्स हे वेल्सचे जीवशास्त्रज्ञ 1979 ला आले आणि पुढची कित्येक दशकं त्याच कामात राहिले. पहिली अंडी उचलून कृत्रिमरीत्या उबवायची, म्हणजे मादी पुन्हा घालते, ही त्यांची युक्ती. पक्षी पुढं शेकड्यांत गेले. 1990 च्या सुमारास रानात दहाच्या आसपास राहिलेलं गुलाबी कबूतर आज चार-पाचशेच्या घरात आहे. एक माणूस इतका टिकला हे विसरू नकोस. आपल्याकडं अधिकारी तीन वर्षांत बदलतो.

सगळं गोड नाही. लिची-आंब्यांचं नुकसान होतं म्हणून सरकारनं 2015 पासून मोहिमा काढून तिथली फळवटवाघळं हजारोंनी मारली, आणि 2018 मध्ये ती जात संकटग्रस्त यादीत गेली. झाडांवर जाळी टाकायला अनुदानही होतं. रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, हरभरा तुडवल्यावर रात्रभर राखण करणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हा वाद समजावून सांगावा लागणार नाही.

अपघाताचं एक पान हवंच. 25 जुलै 2020 ला वाकाशिओ जहाज प्रवाळावर चढलं, सुमारे हजार टन तेल समुद्रात गेलं, तेही इल ओझेग्रेतच्या जवळ. लोकांनी उसाचं पाचट पोत्यांत भरून बांध केले, रोपवाटिकेतली दुर्मीळ रोपं मुख्य बेटावर हलवली.

बाकी मार्गदर्शकांसाठी: 1992 चा जैवविविधता करार, त्यात प्रत्येक देशानं राष्ट्रीय आराखडा करायची अट, आणि डिसेंबर 2022 च्या कुनमिंग-मॉन्ट्रियल चौकटीतली 23 उद्दिष्टं. एका स्लाइडमध्ये उरक. मॉरिशसच्या शाळांत मराठी शिकवतात, हेही जाता जाता सांग, सर खूश होतील.

संबंधाचं म्हणशील तर सोयाबीन-कापसाच्या समुद्रात उरलेलं आपलं गायरानही बेटच आहे. इल ओझेग्रेतच्या 26 हेक्टरचं दहा वर्षांचं महिनावार कोष्टक कर: काम, माणूस, मजुरी. रविवारी गायरान बघायला येणार असशील तर खुरपं नको, टिकाव आण. खोडकी अजून तिथंच आहेत.