वाचकांचे प्रश्न : वरच्या पापणीची जादा कातडी

या वेळच्या पत्रांत वरच्या पापणीच्या शस्त्रक्रियेबद्दलचे प्रश्न बरेच होते. त्यांतले पाच इथे घेतले आहेत. शब्दांचा घोळ आधी मिटवू : मराठीत पापणी म्हणजे डोळ्यावरचा पडदाही आणि त्याच्या कडेचे केसही. इथे पापणी हा शब्द पडद्यासाठीच वापरला आहे.

प्रश्न : माझं वय ५४. दोन-तीन वर्षांत वरच्या पापण्या जड झाल्यात. काजळ घातलं की ते वरच्या घडीला लागतं, संध्याकाळपर्यंत कपाळ दुखायला लागतं आणि फोटोत मी कायम झोपेतून उठल्यासारखी दिसते. मैत्रिणी म्हणतात, छोटंसं ऑपरेशन आहे, करून टाक. करावं का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : करायचे की नाही हे नंतर. आधी पापणी खाली का आली ते ठरवा, कारण तीन वेगळ्या बिघाडांनी डोळा असाच दिसतो आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे.

पहिला बिघाड कातडीचा. वयाबरोबर पापणीची कातडी सैल होते आणि तिची घडी केसांवर येऊन टेकते, बाहेरच्या कोपऱ्याकडे जास्त. काजळ घडीला लागणे ही याचीच खूण. आरशासमोर ही घडी चिमटीत हलकेच उचला. खाली पापणीची कड तिच्या जागी, बाहुलीच्या बरीच वर दिसली, तर दोष मुख्यतः कातडीचा.

दुसरा बिघाड भुवईचा, आणि नेमका हाच बघायचा राहून जातो. भुवई डोळ्याच्या खोबणीच्या हाडावर किंवा त्याच्या जरा वर असायला हवी. ती घसरली की तिच्याखालची सगळी कातडी पापणीवर येऊन पडते. मग समोरचे नीट दिसावे म्हणून कपाळाचा स्नायू दिवसभर भुवया वर ओढून धरतो. तुमचे संध्याकाळी कपाळ दुखणे यातलेच असू शकते. आता नुसती कातडी कापली तर काय होते? डोळ्यासमोरचा अडथळा जातो, कपाळाचा स्नायू सैलावतो, भुवई आणखी खाली येते आणि वर्षभरात पापणी पुन्हा जड. त्यावर पुन्हा कातडी काढली, तर भुवई आणि पापणी एकमेकींना चिकटल्यासारखी दिसू लागतात. म्हणून तपासणीच्या वेळी डोळे मिटून, कपाळ पूर्ण सैल सोडून, मग हळूच डोळे उघडायला सांगतात. भुवईची खरी जागा तेव्हाच कळते.

तिसरा बिघाड पापणी उचलणाऱ्या स्नायूचा. त्याचा पातळ पडदा ताणला किंवा सुटला की पापणीची कडच बुबुळावर उतरते. डॉक्टर टॉर्च समोर धरतात आणि बाहुलीत उमटलेल्या प्रकाशाच्या ठिपक्यापासून वरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजतात. ते ४ ते ५ मिलिमीटर असावे. २ किंवा त्याहून कमी असेल, तर दिसण्यात अडथळा येतोच. कातडी कितीही कापली तरी हे अंतर वाढत नाही. त्यासाठी स्नायू आवळावा लागतो आणि ते वेगळे ऑपरेशन आहे. दोन्ही डोळ्यांच्या पापण्यांना मेंदूचा हुकूम एकच जातो, त्यामुळे एक उचलली की दुसरी थोडी उतरू शकते. हे आधी सांगितले नसेल, तर रुग्णाला वाटते की चांगल्या डोळ्याचे वाटोळे झाले.

काही लक्षणे असतील तर ऑपरेशनचा विषयच बाजूला ठेवा. पापणी सकाळी ठीक, संध्याकाळी खाली आणि जोडीला एकाचे दोन दिसणे, हे मायस्थेनियाचे, म्हणजे स्नायू लवकर थकण्याच्या आजाराचे असू शकते. पापणीवर २ मिनिटे बर्फ धरून ती उचलली जाते का, ही त्याची साधी तपासणी. डोळे बाहेर आल्यासारखे वाटत असतील, तर थायरॉइड बघायला हवे. त्यात डोळ्यांची स्थिती किमान सहा महिने स्थिर राहिल्याशिवाय पापणीला हात लावत नाहीत. रोज सकाळी पापण्या सुजत असतील, तर मूत्रपिंड आणि अॅलर्जी तपासा. एक पापणी अचानक पडली, डोके भयंकर दुखते आहे, दोन दिसते आहे किंवा एक बाहुली मोठी झाली आहे, तर त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात जा. मेंदूतली फुगलेली रक्तवाहिनी मज्जातंतूवर दाब देत असण्याची शक्यता असते.

तुमच्या पत्रावरून कातडी सैल झाली आहे असे वाटते. पण भुवई तपासल्याशिवाय होकार देऊ नका.

प्रश्न : वय ६१, पुरुष. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलंय. नेमकं काय करतात? ओळखीच्या एकांचे डोळे ऑपरेशननंतर झोपेत अर्धवट उघडे राहायचे, त्याची धास्ती आहे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : धास्ती रास्त आहे. पापणीचे काम डोळा झाकणे आणि दर लवण्याबरोबर अश्रूंचा थर बुबुळावर पसरवणे. दिसणे सुधारताना हे काम बिघडले, तर सौदा तोट्याचा. म्हणून या ऑपरेशनमध्ये किती कातडी काढली यापेक्षा किती ठेवली हे मोजतात.

मोजमाप आणि खुणा तुम्हाला बसवून करतात, भुलीचे इंजेक्शन देण्याआधी. आडवे झाल्यावर भुवई मागे सरकते आणि औषधाने कातडी फुगते, मग माप चुकते. काढायच्या कातडीची खालची रेघ पापणीच्या नैसर्गिक घडीवर येते. मध्यभागी ती केसांच्या ओळीपासून बायकांत साधारण ८ ते १० मिलिमीटरवर असते, पुरुषांत ७-८. पुरुषाच्या पापणीवर ही घडी उंच नेली की चेहरा परका दिसतो, म्हणून तुमच्या डॉक्टरांना हे माप जरूर विचारा. वरची रेघ ठरवायला बोथट चिमट्याने कातडी धरून बघतात : पापणीचे केस नुकते वर वळू लागतील इतकीच धरायची, डोळा उघडायला लागला तर ती जास्त झाली. भुवईच्या खालच्या कडेपासून पापणीच्या केसांपर्यंत मिळून किमान २० मिलिमीटर कातडी राहिलीच पाहिजे, आणि त्यातली निम्मी किंवा थोडी जास्त वरच्या रेघेच्या वर. छेद आतल्या कोपऱ्याच्या पुढे नाकाकडे नेत नाहीत, तिथे व्रण आखडून कातडीचा ताणलेला पडदा धरतो.

भूल फक्त तेवढ्या भागाची. बधिर करणारे २ टक्के लिग्नोकेन आणि अॅड्रिनलीनचे मिश्रण, दर पापणीला १ ते २ मिलिलिटर. टोचताना चांगलेच चुरचुरते, पुढे फक्त ओढल्याचे कळते. अॅड्रिनलीनने रक्तवाहिन्या आकसायला दहाएक मिनिटे लागतात, तेवढे थांबून मगच छेद घ्यावा. मग खुणेतली कातडी काढतात. चरबी फुगलेली असेल तरच तिला हात लावतात. वरच्या पापणीत चरबीच्या गाद्या दोनच : मधली पिवळी आणि नाकाकडची पांढुरकी. बाहेरच्या कोपऱ्यात फुगवटा दिसला, तर ती चरबी नसते, खाली उतरलेली अश्रुग्रंथी असते. चरबी समजून ती कापली, तर डोळ्याचा कोरडेपणा कायमचा. चरबी ओढून काढणेही वाईट, कारण आत खोल रक्तवाहिनी तुटते. आणि जास्त काढली की डोळा खोल जाऊन माणूस आहे त्यापेक्षा दहा वर्षांनी जास्त म्हातारा दिसतो. शेवटी ६-० जाडीच्या, म्हणजे अगदी बारीक, नायलॉन किंवा प्रोलिनच्या दोऱ्याने टाके. दोन्ही डोळ्यांचे मिळून तासभर लागतो.

पहिले काही आठवडे सुजेमुळे झोपेत १-२ मिलिमीटर फट राहते, ती भरून येते. दोन-तीन महिन्यांनीही राहिली, तर कातडी जास्त गेली आहे असे समजावे. मग दुसरीकडची कातडी लावावी लागते, आणि पापणीइतकी पातळ कातडी अंगावर दुसरीकडे कुठेही नाही. उरलेली जादा कातडी मात्र वर्षभराने सहज काढता येते. दोन मिलिमीटर कमी काढणारा डॉक्टर अननुभवी नव्हे, शहाणा.

डोळे आधीच कोरडे असतील, तर धोका वाढतो. शर्मर नावाची कागदी पट्टी खालच्या पापणीत ५ मिनिटे ठेवतात. ती ५ मिलिमीटरही भिजली नाही, तर आधी कोरडेपणाचा उपचार करावा. चष्म्याचा नंबर घालवणारे लेसिक ऑपरेशन झाले असेल, तर सहा महिने थांबतात.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवला, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. चार दिवस बंद ठेवून ऑपरेशन होईल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉर्फरिन थांबवायचे का, किती दिवस, हे हृदयरोगतज्ज्ञ लिहून देतील. ते नाही म्हणाले, तर हे ऑपरेशन पुढे ढकलावे, कारण ते कधीही करता येते. लसणाच्या गोळ्या, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, जिन्को, व्हिटॅमिन ई यांनीही रक्तस्राव वाढतो आणि लोक त्यांना औषधांत धरत नाहीत. त्या साधारण दोन आठवडे आधी थांबवाव्यात. रक्तदाब ऑपरेशनच्या दिवशी आटोक्यात हवा, त्या सकाळची गोळी घ्यायची का ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

प्रश्न : पुण्यात माझी आई एकटी राहते, तिच्या पापण्यांचं ऑपरेशन ठरलंय. मी न्यू जर्सीहून दहा दिवसांसाठी येऊ शकते. आधी येऊ की नंतर? काय काळजी घ्यायची?
— एक वाचक

उत्तर : ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पोहोचा. पहिली रात्र आईंनी एकटीने काढू नये. टाके पाचव्या ते सातव्या दिवशी निघतात, म्हणजे तुमचे दहा दिवस पुरतील.

पहिले ४८ तास जागेपणी दर तासाला १० ते १५ मिनिटे बर्फाचा शेक. बर्फ थेट लावायचा नाही. फ्रीझरमधल्या मटारची छोटी पिशवी स्वच्छ रुमालात गुंडाळून, दाब न देता ठेवा. झोपताना डोक्याखाली दोन-तीन उशा. वेदना फार नसतात, पॅरासिटामॉल पुरते. घरात असलेली कॉम्बिफ्लॅम देऊ नका, तिच्यात रक्तस्राव वाढवू शकणारे आयबुप्रोफेनही असते. जखमेवर आणि रात्री डोळ्यांत डॉक्टरांनी दिलेले मलम. आईंना पंख्याखाली झोपायची सवय असेल, तर वारा चेहऱ्यावर येणार नाही अशी खाट फिरवा, कारण फटीतून बुबुळ सुकते.

दोन आठवडे खाली वाकून काम नाही : केर, फरशी, वाकून नमस्कार, पाण्याची बादली उचलणे. बद्धकोष्ठ असेल तर त्याचे औषध आधीच आणून ठेवा, कुंथण्याने जखमेतून रक्त येते. अंघोळ गळ्याखालून. काजळ दोन आठवड्यांनंतर आणि नव्या डबीतले. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, निळेपणा गालावर उतरतो, एक डोळा दुसऱ्यापेक्षा जास्त सुजतो. हे सगळे अपेक्षित आहे. दहा ते चौदा दिवसांत चारचौघांत जाता येते. व्रण दोन-तीन महिने गुलाबी किंवा गडद राहतो, त्या काळात उन्हात गॉगल. आकार स्थिरावायला तीन ते सहा महिने लागतात, त्यामुळे चष्म्याचा नवा नंबर निदान तीन महिने थांबून काढा. टाक्यांच्या रेघेवर बारीक पांढरे दाणे आले, तर घरी फोडू नका, डॉक्टर सुईने काढतात.

एकच गुंतागुंत अशी आहे की जिच्यात तास मोजावे लागतात : डोळ्यामागे रक्त साठणे. पापण्यांच्या अशा शस्त्रक्रियांत ती सुमारे २,००० रुग्णांत एकाला होते आणि कायमची दृष्टी जाणे सुमारे २०,००० त एकाला. बहुतेक वेळा ती पहिल्या २४ तासांत होते. पहिल्या दिवशी जागेपणी दर दोन तासांनी आणि रात्री एकदा-दोनदा उठवून, मलम पुसून, एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख वाचायला सांगा. वाढत जाणारा ठणका, दगडासारखी घट्ट पापणी, पुढे आलेला डोळा, अंधूक नजर, यांतले काहीही दिसले, तर सकाळची वाट बघू नका. टाके उघडून आणि बाहेरच्या कोपऱ्यातला बंध कापून दाब मोकळा करावा लागतो, आणि हे दीड-दोन तासांच्या आत झाले तरच नजर वाचायची आशा चांगली. म्हणून डॉक्टरांचा रात्रीचा फोन नंबर आणि तातडीने जायचे रुग्णालय आधीच कागदावर लिहून घ्या. रात्रीचा नंबर द्यायला जे खळखळ करतात, त्यांच्याकडे ऑपरेशन करू नये.

प्रश्न : विमा मिळतो का? आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं की प्लास्टिक सर्जनकडे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आरोग्य विम्याच्या प्रमाण अपवादांत आहे, तिचा दावा मंजूर होत नाही. पापणीमुळे नजर अडत असेल, तर आधी लेखी मंजुरी मागावी. त्यासाठी फील्ड टेस्ट, म्हणजे समोर बघताना आजूबाजूचे किती दिसते याची तपासणी, दोनदा करून घ्या : एकदा पापणी आहे तशी, एकदा टेपने वर चिकटवून. दोन्हींत ठळक फरक, समोरून आणि बाजूने काढलेले फोटो आणि मिलिमीटरमधली मापे असतील, तर बाजू भक्कम होते. तरी निर्णय पॉलिसीवर आहे. उपचारांना असलेली जीएसटीची सूट सौंदर्यशस्त्रक्रियेला नाही, म्हणून खर्चाचा आकडा करासह लेखी मागा.

डॉक्टर दोन्हींपैकी कोणीही चालतील : नेत्रतज्ज्ञ असतील तर त्यांनी ऑक्युलोप्लास्टीचे, म्हणजे पापण्या आणि डोळ्याभोवतीच्या भागाच्या शस्त्रक्रियेचे, वेगळे प्रशिक्षण घेतलेले असावे, प्लास्टिक सर्जन असतील तर त्यांच्याकडे प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी असावी. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी तपासा. डोळे कोरडे असतील किंवा स्नायूचा दोष असेल, तर आम्ही नेत्रतज्ज्ञाकडे झुकू. कातडी आकसवण्यासाठी पार्लरमध्ये पेनसारख्या विजेच्या यंत्राने कातडी भाजण्याचे प्रकार चालतात, तिथे पापणी नेऊ नका. बुबुळ कातडीच्या जेमतेम एक-दोन मिलिमीटर खाली असते आणि भाजल्याचा काळा डाग सावळ्या कातडीवर महिनोन्‌महिने राहतो.